परिक्रमेतल्या थंड रात्री आणि अनोळखी उंबरे

काठकाठाने:

कार्तिकी एकादशी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. परिक्रमेला निघणारे ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. प्रश्न ठरलेले असतात. स्लीपिंग बॅग की कांबळं? बूट की सँडल? पाठीवर किती किलो? जमेल तसं सांगते. पण फोन ठेवला की दर वेळी चुटपुट लागते, कारण ज्यांच्या जोरावर आम्ही दोघी तो अख्खा हिवाळा चाललो त्या माणसांबद्दल काहीच बोलणं होत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमरकंटकला नर्मदेचा उगम, भरूचच्या पुढे समुद्र, मध्ये १,३१२ किलोमीटर. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही, फक्त समुद्राच्या तोंडाशी नावेने पलीकडे जायचं. दोन्ही काठ, वळणं, धरणांच्या फुगवट्यांचे वळसे धरून चाल तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते. चातुर्मासात चालत नाहीत, त्यामुळे बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमा उचलतात आणि पहिले तीन महिने थंडीचेच मिळतात.

मी आणि माझी नणंद, दोघी पन्नाशीच्या. ओंकारेश्वरला संकल्प सोडला, दक्षिण काठाने पश्चिमेकडे निघालो आणि १२६ दिवसांनी तिथेच परत आलो. एवढ्या दिवसांत आम्ही विकत घेऊन जेवलो असे दिवस बोटांवर मोजता येतील. बाकी रोज कुणीतरी जेवू घातलं, कुणीतरी आसन लावायला जागा दिली. कधी आश्रम, कधी शाळेची पडवी, कधी कुणाचं घर.

पहिले आठ दिवस मला ते फार जड गेलं. चालणं नव्हे, मागणं. आमच्या दारावर आलेलं माणूस कधी उपाशी गेलं नाही, हे अभिमानाने सांगण्यात माझा जन्म गेलेला. आता दुसऱ्याच्या दारात उभं राहून 'रात्रीपुरती जागा मिळेल का' विचारायचं, तर शब्दच फुटेनात. नणंद विचारायची आणि मी मागे पिशवीचे पट्टे नीट करत उभी राहायची.

निमाडात तर विचारावंही लागत नाही. शेतातली बाई हातातला विळा ठेवून हाक मारते, "मैयाजी, चाय पीके जाओ." पुढचा प्रश्न असतो, "कितने मूर्ति?" परिक्रमावासी मूर्तींमध्ये मोजतात. तुम्ही कोण, कुठल्या, काय करता, हे सगळं नंतर. आधी मूर्ती किती ते कळलं पाहिजे, म्हणजे पीठ किती मळायचं ते ठरतं.

आता त्या रात्रीचं सांगते.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. आम्ही उत्तर काठावर, नेमावर सोडून तीन दिवस झालेले, सीहोर जिल्हा. दोन्ही बाजूंना शरबती गहू. नणंदेचं अंग दुपारपासून कसकसत होतं, पण ती बोलली नाही. अंधारापूर्वी आश्रम गाठता येणार नाही हे साडेपाचला कळलं, आणि साडेसहाला कळलं की आपण भलत्याच बांधावर आलोय, पुढे ओढा आहे आणि उतार दिसत नाही. धुकं खाली आलेलं. पाणी दिलेल्या गव्हातली थंडी पायांकडून वर चढते. बूट आधी ओले होतात, मग मोजे, मग पोटऱ्या दगडासारख्या होतात. नणंद बांधावर बसली ती उठेना. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

लांबवर एक बॅटरी हलताना दिसली. मी "नर्मदे हर" अशी हाक घातली. आवाज रडवेला निघाला असणार, कारण ती बॅटरी पळतच आमच्याकडे आली. तिशीचा तरुण, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाने भरलेले, खांद्यावर फावडं. शेतीची वीज रात्रीची होती, गव्हाला पाणी देत होता. त्याने एवढंच विचारलं, "कितने मूर्ति?" मी म्हटलं, दो. त्याने फावडं बांधात रोवलं, आमच्या दोन्ही पिशव्या खांद्यांना अडकवल्या आणि चालायला लागला. मोटर चालू, पाणी चालू. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मोकळं सोडलेलं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. बांध फुटला की मेहनत शेजाऱ्याच्या रानात जाते.

घर दोन खोल्यांचं. घरात त्याची आई, बायको आणि सहाएक वर्षांची मुलगी. आम्हाला उंबऱ्याशी सोडून तो आल्या पावली पळत परत गेला.

त्याच्या बायकोने नणंदेच्या तळपायाला हात लावून पाहिला आणि काही न बोलता कोपऱ्यातल्या दोन विटा उचलून चुलीत निखाऱ्यांवर सरकवल्या. मला वाटलं चूल नीट करतेय. थोड्या वेळाने चिमट्याने विटा बाहेर काढल्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळल्या, आणि मग एकेक वीट स्वतःच्या गालाला लावून पाहिली. तान्ह्याचं दूध मनगटावर टाकून बघतात ना, तशी. दुसरी जास्त गरम लागली असावी, तिला आणखी एक पट्टी गुंडाळली. मग दोन्ही गोधडीत नणंदेच्या पायांशी ठेवल्या. रात्री मला तीनदा जाग आली, तिन्ही वेळा ती चुलीपाशी विटा बदलत होती. करपलेल्या सुताचा वास अजून आठवतो. मी उठायला लागले तर तिने हातानेच 'निजा' अशी खूण केली.

मुलीला नणंदेची लोकरीची टोपी फार आवडली. मोरपंखी रंगाची, नणंदेने स्वतः विणलेली. घालून बसली आणि तशीच झोपली.

पहाटे ताप उतरला. बाहेर आले तर तो तरुण ओसरीवर पाय धूत होता, रात्रभर पाण्यात राहून बोटं पांढरी पडलेली. निघताना मी पाचशेची नोट मुलीच्या मुठीत दिली. कुणी काही म्हणालं नाही. आजीने आमच्या कुपीतल्या नर्मदाजलाला हळदकुंकू वाहिलं आणि आमच्या हातात कागदाची पुडी ठेवली. परिक्रमावासीला दक्षिणा देतात, दहावीस रुपये असतात, ती नाकारायची नसते. पुढच्या मुक्कामी पुडी उघडली. आत माझीच पाचशेची नोट आणि वर अकरा रुपये. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टोपी. झोपलेल्या मुलीच्या डोक्यावरून हळूच काढून, झटकून, घडी घालून ठेवलेली.

नणंद बराच वेळ ती टोपी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "वहिनी, टोपी तरी ठेवून यायला हवी होती गं."

त्या पुडीनंतर माझं मागताना अडखळणं थांबलं. ही माणसं देवघेवीचा हिशोब मांडतच नव्हती, मी उगाच मनात वही उघडून बसले होते.

तुमचेही असे अनुभव लिहा. थंडीतल्या चालण्याचे, अनोळखी माणसांचे.

भटका_५८:

ताई, विटेचं वाचून काही वेळ पुढे वाचता आलं नाही.

माझी एक चूक इथे लिहितो, आजवर फार कमी जणांना सांगितली आहे. परिक्रमेत नर्मदाजलाची कुपी बरोबर असते, रोज सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची, ती म्हणजे साक्षात मैया, हे इथे सर्वांना माहीत आहेच. मी ती एका मुक्कामी विसरून निघालो. डिसेंबरची सकाळ, थंडीने बोटं आखडलेली, घाईने आवरलं आणि चालू पडलो. तासाभराने मागून "बाबाजी, बाबाजी" अशा हाका. दहाबारा वर्षांचा मुलगा, आदल्या रात्रीच्या यजमानांचा. दोन्ही हातांनी कुपी छातीशी धरलेली, तीही स्वच्छ धुतलेल्या पंच्यात. मला नमस्कार करायचा होता त्याला, पण कुपी खाली कशी ठेवणार? इकडेतिकडे बघितलं, मग मला म्हणाला, "पहले आप लो." मी घेतल्यावर मग वाकला.

चारेक किलोमीटर आला होता, अनवाणी. मी म्हटलं रस्त्यात थांबून दम तरी खायचास. तर म्हणाला, "मैया को नीचे कैसे रखता?" आणि शाळेला उशीर होतोय म्हणून पळत सुटला. त्याला खाऊ द्यायलाही सवड मिळाली नाही.

तेव्हापासून कुपी पिशवीत ठेवल्याशिवाय मी बुटांना हात लावत नाही.

पहिलीच_खेप:

याच एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघतोय. एकटाच. धागा अगदी वेळेवर आला. भावना पोचल्या, पण माझी काळजी वेगळीच आहे. पाठपिशवी भरून वजन केलं तर साडेनऊ किलो. सगळे म्हणतात सहाच्या वर नेऊ नको. दोन स्वेटर, एक जाकीट, स्लीपिंग बॅग, कांबळं, थर्मल दोन जोड, पॉवर बँक. काय काढू?

खाडीपलीकडे:

@पहिलीच_खेप, कांबळं आणि एक स्वेटर काढा. स्लीपिंग बॅग ठेवा, झाडीत उपयोगी पडेल. एक थर्मल पुरेल, धुऊन वाळतं. प्लास्टिकचा मोठा कागद मात्र घ्याच, खाली अंथरायला आणि नावेत पांघरायला.

नावेचं सांगतो. दक्षिण काठावर विमलेश्वर-कठपोरच्या बाजूने उत्तर काठावरच्या मिठीतलाईला नाव जाते. रेवासागर संगम. भरतीवर सगळं अवलंबून, तुमच्या सोयीने काही नाही. आम्हाला पहाटे तीनला उठवलं. चिखलातून गुडघाभर पाण्यात चालत नावेत चढलो. उघडी नाव, अंगावर समुद्राचा वारा, पाय ओले. तीन महिन्यांत सगळ्यात जास्त गारठलो ते त्या तीनचार तासांत. माझ्या शेजारी एक वृद्ध साधू होते, अंगावर एक धाबळी. अर्ध्या वाटेत त्यांनी ती माझ्या गुडघ्यांवरही ओढली, म्हणजे आम्ही दोघंही अर्धे झाकलेले आणि अर्धे उघडे. मी नको म्हणालो तर ते मान वळवून पाण्याकडे बघत बसले, उत्तरच दिलं नाही. मिठीतलाईला उतरल्यावर ते पुढे निघून गेले, पुन्हा कधी भेट नाही.

धडगावची_वाट:

शूलपाणीच्या झाडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. बडवानीच्या पुढे, मध्य प्रदेश, आपला नंदुरबार आणि गुजरात यांच्या सीमेवरचा डोंगराळ पट्टा. पूर्वी तिथे परिक्रमावासींना लुटायचे, अंगावरच्या लंगोटीशिवाय काही ठेवायचे नाहीत, हे जुन्या लोकांकडून सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मीही तीच भीती घेऊन गेले होते. आता त्याच पाड्यांवर भिल्ल-पावरा घरांत परिक्रमावासींना जेवण मिळतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

डोंगरउतारावर एकटं घर, कुडाच्या भिंती, त्यांतून वारा आरपार. दुधाचा पत्ता नाही, म्हणून काळा चहा. पितळीत मक्याची भाकरी आणि उडदाचं वरण. घरातली बाई माझ्याशी काय बोलत होती त्यातलं मला निम्मं कळत होतं, आणि मी खानदेशी वळणाचं मराठी बोलले की ती हसायची. रात्री शेकोटीजवळची जागा मला दिली. घरातली लेकरं कडेला सरकली. मला ते बघवेना, म्हणून मी धाकटीला माझ्या स्लीपिंग बॅगेत घेतलं. सकाळपर्यंत तिने मला लाथा मारल्या. इतकी शांत झोप मला पूर्ण परिक्रमेत लागली नाही.

मोजमाप:

सगळ्यांचे अनुभव मनापासून वाचले. तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, राग मानू नये.

गेल्या काही वर्षांत चालणाऱ्यांची संख्या किती वाढली आहे ते काठावर दिसतंच. व्हिडिओ बघून येणारे आहेत, तीसचाळीस जणांचे गट आहेत, मागून सामानाची गाडी. हे सगळे संध्याकाळी एखाद्या पाड्यावर उतरले तर त्या घराने काय करायचं? वरच्या प्रतिसादात ज्या घरात दूध नाही तिथे आपण जेवलो, याचा आनंद आहे तसा मला त्रासही होतो. आपल्याकडे पेन्शन आहे, बँकेत ठेवी आहेत. ज्याच्याकडे कमी आहे त्याचं खाऊन आपण भारावून जायचं आणि घरी येऊन त्यावर लिहायचं, यात मला कुठेतरी खटकतं. ताईंनी पाचशे दिले ते योग्यच केलं. परत आले म्हणून प्रश्न सुटला असं मला वाटत नाही.

काठकाठाने:

@मोजमाप, राग कसला. हा प्रश्न मलाही वाटेत अनेकदा पडला आणि तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मोठ्या गटांबद्दल तर शंभर टक्के सहमत. ज्यांच्याबरोबर गाडी आहे त्यांनी शिधा बरोबर ठेवावा आणि स्वतः रांधावं. काठावर सदाव्रताची पद्धत आहेच, म्हणजे कोरडा शिधा घ्यायचा आणि आपला आपण शिजवायचा. आम्हीही झाडीत दोनतीनदा तसंच केलं, आणि आमच्या शिध्यात त्या घरालाही जेवायला बसवलं.

पण पैसे देऊन त्या रात्रीतून सुटायला गेले, ते मला जमलं नाही, आणि आता वाटतं जमायलाही नको होतं. देणारं माणूस गरीब आहे म्हणून त्याचा देण्याचा हक्क आपण काढून घ्यायचा का, इथे मी अडते. उत्तर माझ्याकडे नाही. इथे काठावरचं कुणी असेल तर त्यांनी सांगावं.

निमाडची_लेक:

बरेच दिवस नुसती वाचक होते. आज लिहिते.

माझे वडील शहाद्याचे, आई निमाडातली. आजोळ बडवानी जिल्ह्यात, अगदी नदीकाठी. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गेलो की आजीची तयारी चालू असायची. गव्हाचं आणि ज्वारीचं पीठ वेगळ्या डब्यात, त्याला आम्ही हात लावायचा नाही. तो परकम्मावाल्यांचा डबा. घरात भाकरी कमी पडली तरी त्या डब्यातलं पीठ निघत नसे. अंबाडीचा पाला वाळवून ठेवलेला. दोन गोधड्या वेगळ्या, धुऊन, उन्हात घालून घडी केलेल्या. कार्तिक ते फाल्गुन हे असं चालायचं.

@मोजमाप, तुमची काळजी खरी आहे. आजोळी ओढगस्त होती, मामा उसनवारीवर पेरणी करायचे. तरी त्या डब्याकडे कुणी तोट्याचा म्हणून बघितलं नाही. आजीचं बाहेरचं जग म्हणजे ती येणारी माणसं. ती कधी खांडव्याच्या पुढे गेली नव्हती, पण तिला बंगालमधल्या बाईने शिकवलेली भाजीची फोडणी येत होती, कुण्या बाबाजीने सांगितलेला खोकल्याचा काढा येत होता. रात्री शेकोटीशी ती एकेकाला विचारायची, मैया वर कशी दिसते? डोंगरातून कशी निघते? तिने काठावर जन्म काढला, उगम कधी पाहिला नाही. तुमच्या डोळ्यांनी बघायची.

मग धरणाचा फुगवटा आला. गाव उठलं, लोक वसाहतीत गेले. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हा जुन्या गावातलं उरलंसुरलं सगळं पाण्याखाली गेलं. पण आजीचं दुःख त्याच्या आधीच सुरू झालं होतं. नव्या घरात सामान लावताना तिने मामाला पहिलं काय विचारलं असेल? "परकम्मा इधर से निकलेगी?" निघत नव्हती. चालायची वाट दीडदोन किलोमीटर लांबून जात होती.

पहिल्या हिवाळ्यात तिच्या दारात एकही मूर्ती आली नाही. डब्यातल्या पिठाला जाळी धरली. दुसऱ्या हिवाळ्यात ती रोज दुपारी काठी टेकत रस्त्यापर्यंत जायला लागली. लिंबाखाली बसायची आणि येणाऱ्यांना बोलावून घरी आणायची. सत्तरी उलटलेली. कधी कुणी म्हणायचं, आजी, एवढं आत यायचं म्हणजे तीनचार किलोमीटरचा फेरा पडतो, आम्हाला पुढे जायचंय. त्या दिवशी ती परत येऊन न जेवता निजायची.

म्हणून सांगते. घ्या. मात्र जेवढं लागतं तेवढंच घ्या, ताटात टाकू नका, गरम पाण्यासाठी लाकडं जळतात हे लक्षात ठेवा, आणि तीसचाळीस जण एका दारात उतरू नका. पैसे द्यायचेच असतील तर गावच्या शाळेत द्या, आश्रमाच्या पेटीत टाका, कुणाच्या मुलीच्या हातात नको. आणि एक गोष्ट फारच थोडे लोक करतात. परिक्रमा पूर्ण झाली की निरोप पाठवा. आजी वाट बघायची. "वो लंगड़ाते हुए गए थे, पहुँचे कि नहीं?" पोस्टकार्ड आलं की मामाकडून दोनदा वाचून घ्यायची आणि डब्याच्या झाकणाखाली ठेवायची. ती गेल्यावर तिथे अकरा कार्डं निघाली. इतक्या वर्षांच्या माणसांतून अकरा.

भटका_५८:

@निमाडची_लेक, त्या मुलाच्या गावाचं नाव माझ्या वहीत आहे. घराचा पत्ता नाही, पण शाळा एकच असणार. मी आज शाळेच्या पत्त्यावर कार्ड टाकतो. तो आता कॉलेजात असेल, तरी टाकतो.

मोजमाप:

पटलं. सगळं नाही, पण बरंचसं पटलं. गटांचा मुद्दा माझा कायम आहे. आजीबद्दल लिहिलंत त्यासाठी आभार. मीही दोन कार्डं लिहायला घेतली आहेत.

काठकाठाने:

काल रात्री निमाडची_लेक यांचा प्रतिसाद नणंदेला फोनवर वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. आज सकाळी तिचाच फोन. तिने रात्रीच कपाट उघडून टोपी काढली आहे.

माझ्या वहीत त्या तरुणाचा नंबर होता, नाव न लिहिता नुसतं 'गहू' असं लिहिलेलं. इतक्या दिवसांत लावला नव्हता, काय बोलणार म्हणून. आज लावला. ओळख पटायला वेळच लागला नाही. "वो जिनको बुखार था?" शरबतीची पेरणी चालू आहे म्हणाला. मग बायकोकडे फोन दिला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला, त्या रात्री ती जवळजवळ बोललीच नव्हती. तिने विचारलं, दीदी पुढे चालू शकल्या का, की घरी गेल्या? मी म्हटलं पूर्ण झाली, दोघींची. तर ती मागे वळून सासूला ओरडून सांगतेय, "अम्मा, पूरी हो गई, दोनों की!" ते मला फोनमध्ये ऐकू येत होतं.

@पहिलीच_खेप, तुम्हाला एक काम सांगू का? तुम्ही जानेवारीच्या अखेरीस त्याच पट्ट्यातून जाल. टोपी पोस्टाने पाठवता येईल, पण नणंदेचं म्हणणं आहे की कुणीतरी चालत घेऊन जावी. वजनाची तुमची अडचण माहीत आहे, म्हणून संकोच वाटतो. नाही म्हणालात तरी काही वाटणार नाही.

पहिलीच_खेप:

ताई, पत्ता आणि नंबर व्यक्तिगत निरोपात द्या. दुसरा स्वेटर काढून टाकला आहे, कांबळंही. पिशवी आता सात किलो दोनशे भरतेय, टोपी धरून. वाटेत भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुपीच्या शेजारच्या कप्प्यात ठेवेन.

फक्त एक विचारायचं होतं. मुलगी तेव्हा सहाची होती म्हणालात, आता मोठी झाली असेल. टोपी बसेल का तिला?

काठकाठाने:

नणंद म्हणते काठ उसवून दोन बोटं वाढवते. लोकर शिल्लक आहे. एकादशीच्या आधी तुमच्याकडे पोचेल.